गंभीर वाचकाने रहस्यकथा कशी वाचावी

ज्यांच्या कपाटात संतवाङ्मय, समीक्षा आणि चरित्रे यांपलीकडे काही नाही, अशा हैदराबादकर मराठी वाचकांसाठी हे मार्गदर्शन आहे.

पुस्तकासाठी रविवारी आबिड्सला जावे. दुकाने बंद असतात आणि फुटपाथवर जुनी पुस्तके मांडलेली असतात. आधी एखाद्या जाडजूड शब्दकोशाचा भाव विचारावा, मग सहज दिसल्यासारखे करून खालचे ‘ते’ पुस्तक ओढावे. मुखपृष्ठावर सुरा असेल तर घासाघीस करू नये. तेवढा वेळ ते हातात दिसते. शेवटचे पान शाबूत आहे ना, एवढे तपासावे. वाचू नये. आधीच्या मालकाने पहिल्याच पानावर ‘खुनी मामा’ असे पेन्सिलीने लिहून ठेवले असेल, तर मात्र इलाज नाही.

वाचताना स्वतःची पेन्सिल दूर ठेवावी. समीक्षेत मुरलेला माणूस सुंदर वाक्याखाली रेघ मारतो आणि ‘दिवाणखान्यातले घड्याळ दहा मिनिटे मागे होते’ हे वाक्य रुक्ष म्हणून ओलांडून जातो. इथे रुक्ष वाक्येच कामाची. निसर्गवर्णन आले तर पाऊस किती वाजता थांबला, तेवढे टिपावे. मोलकरणीच्या डोळ्यांतल्या कारुण्यात गुंतू नये. मागच्या दाराची किल्ली कोणाकडे होती ते बघावे. विधवा काकूंनी चहाचे किती कप विसळले, हेही. एवढे करूनही फसाल. ॲगाथा ख्रिस्तीच्या ‘द मर्डर ऑफ रॉजर ॲक्रॉइड’चा शेवट वाचून 1926 साली पट्टीचे वाचकही चिडले होते. तो शेवट इथे सांगणे हा या शास्त्रातला एकमेव अक्षम्य गुन्हा.

कोणी हटकलेच, तर ‘लोकप्रिय वाङ्मयाचा अभ्यास चाललाय’ म्हणावे आणि बाबूराव अर्नाळकरांनी हजारावर रहस्यकथा लिहिल्या, हे तोंडावर फेकावे. त्यांचे खरे नाव चंद्रकांत सखाराम चव्हाण. लेखकच टोपणनावाने वावरत असेल, तर वाचकाने पुस्तकाला वर्तमानपत्राचे कव्हर घालायला काय हरकत आहे?

या शहरातल्या जुन्या उर्दू वाचकांना असला संकोच नाही. इब्ने सफींची ‘जासूसी दुनिया’ 1952 साली अलाहाबादहून सुरू झाली, ती वाचलेला बुजुर्ग इराणी हॉटेलात समोर येऊन बसतो आणि कव्हर उलटून विचारतो, “कौनसी पढ रै मियाँ?” उत्तर देण्याआधी किती पाने उरलीत ते पाहावे. पन्नासच्या आत असतील, तर चहा अर्धा टाकून उठावे. त्याने ती नक्की वाचलेली असते, आणि त्याला सांगायची घाई असते.