तिचं काय बिनसलंय?

"काकू, ही दिवेवाल्या बाईची तसबीर खाली का उतरवलीत?"

"काच पुसतेय गो. चाळीतून टॉवरात गेल्यावर पहिला खिळा हिच्यासाठी. या 160 फुटांच्या खोलीत सासूबाईंपासून सगळ्यांची भांडणं ऐकलीत तिने."

"मला ती कायम रडवेली वाटते. नवरा रातपाळीला गेलाय नि सकाळ झाली तरी पत्ता नाही, तसं तोंड."

"तू गिरणीकामगाराची सून, तुला तेच दिसणार! तळमजल्यावरच्या वहिनी म्हणतात, बाई चोरून कुणाला तरी भेटायला निघालीय."

"इश्श! पण रविवर्म्याने काहीतरी मनात धरूनच काढली असेल ना?"

"झालं, आली रविवर्म्यावर! तो 1906 साली गेला. हे चित्र 1945-46च्या सुमाराचं, सावळाराम हळदणकरांचं. आमच्या सावंतवाडीचे ते! मूळ चित्र म्हैसूरच्या जगनमोहन राजवाड्यात. भावाने नेलं तेव्हा बघून आले. तू डिलाईल रोडचा पूल ओलांडशील तर ना! आणि ही बाई म्हणजे हळदणकरांचीच मुलगी, गीता. दिवाळीत हातात दिवा घेतलेली दिसली, बापाने तशीच उभी केली. तासन्‌तास हलायचं नाही! लग्नानंतर उपळेकर झाल्या. कोल्हापुरात 2018 साली गेल्या, 102 वर्षांच्या होऊन."

"म्हणजे वाट बघणं नाही, चोरून भेटणंही नाही?"

"पाय दुखत असतील बिचारीचे."

"मग मला बघून कालवाकालव का होते?"

"उजेड बघ. आपल्या ट्यूबलाइटचा पडतो वरून, हिच्या तोंडावर चढतोय खालून. बोटं कशी लालसर झालीत, भोवती सगळा काळोख. अशा चेहऱ्यावर ज्याने त्याने आपल्या घरची गोष्ट चिकटवावी. आणि हे जलरंगात, बरं का! तेलरंगात चुकलं तर वरून लिंपता येतं. जलरंगात उजेडाची जागा आधीपासून राखावी लागते."

"पण म्हणून स्वभाव कळतच नाही म्हणायचं?"

"कळतो की. तोंड सोड, हात बघ. ज्योतीपुढे पंजा कसा आडवा धरलाय! रडूबाई नाही ही. वाऱ्याला दिवा विझवू देणार नाही, असली बाई आहे."

"खरंच की! मग वहिनींना सांगू, रविवर्मा नाही म्हणून?"

"सांग. आणि चोरून भेटायला कोण गेलं होतं, तेही विचार. चित्रातली तर नव्हे!"