क्रीमरोल आणि कावळा

टेकडी उतरून आम्ही चौघे अमृततुल्यात टेकतो तेव्हा साडेसात झालेले असतात, आणि पावणेआठच्या आत देशाच्या हवाई संरक्षणाचा कार्यभार आमच्याकडे आलेला असतो. मे 2025च्या आधी असं नव्हतं. तेव्हा आम्ही पेन्शन, गुडघे आणि सोसायटीतलं पार्किंग यांवर भांडायचो. ऑपरेशन सिंदूर झालं आणि गुडघे मागे पडले.

चौघांतले एक कर्नल. ते कर्नल नाहीत. लष्कराच्या हिशेब खात्यात 34 वर्षं बिलं तपासत होते. पण "हे पास कोणी केलं?" हा प्रश्न ते अशा आवाजात विचारतात, की चहावाल्या पोऱ्याची पाठसुद्धा ताठ होते. दुसरे रशिया. 1984 साली कंपनीने त्यांना सहा आठवडे मॉस्कोला धाडलं होतं. तिथली थंडी त्यांच्या बोलण्यातून अजून गेलेली नाही. तिसरे मास्तर, गणिताचे. चौथा मी. मला कोणी बोलू देत नाही, म्हणून लिहितो.

ठिणगी बहुतेक रशियाच टाकतात. "एस-400 आहे म्हणून आपण इथे निवांत चहा पितोय." मग या रशियन क्षेपणास्त्र यंत्रणेचा 2018चा करार, पाच स्क्वाड्रन, 400 किलोमीटरचा पल्ला, सगळं एका दमात. "आणि आपण नाव काय दिलंय? सुदर्शन चक्र!"

"चक्र काम करून परत बोटावर यायचं," मास्तर बशीत चहा ओतत म्हणाले. "हे येतं का परत?"

यावर रशिया दोन दिवस मास्तरांशी बोलले नाहीत. बसायचे त्याच टेबलाला, पण साखर माझ्यामार्फत मागायचे.

तिसऱ्या दिवशी अबोला सुटला तो पृथ्वीच्या गोलाईवरून. मास्तरांचं म्हणणं, 400 किलोमीटर हे उंचावरून येणाऱ्या पाहुण्यासाठी. झाडांच्या शेंड्यांना घासत येणारं ड्रोन जमिनीवरच्या रडारला तीसेक किलोमीटरवर आल्याशिवाय दिसायचं नाही, कारण मध्ये पृथ्वीची पाठ येते.

"पृथ्वी मध्ये येते म्हणजे काय?" रशिया उसळले. "रशियन रडार आहे ते!"

"म्हणूनच जवळ तोफा लागतात," कर्नलांनी संधी साधली. त्यांचा जीव एल-70 वर. चाळीस मिलिमीटरची बोफोर्सची तोफ, साठच्या दशकापासून सैन्यात, आणि मे महिन्यात ड्रोनवर तीच धडधडली. कर्नलांना तिच्या पराक्रमापेक्षा तिच्या काटकसरीचं कौतुक जास्त. इस्रायलच्या आयर्न डोमचं नाव निघालं की त्यांच्यातला लेखापरीक्षक जागा होतो. "नळाच्या पाइपात दारू ठासून केलेलं रॉकेट. किंमत काहीशे डॉलर. ते पाडायला उडवायचं क्षेपणास्त्र चाळीस-पन्नास हजार डॉलरचं. म्हणजे चाळीसेक लाख रुपये! पास कोणी केलं हे?"

खरं तर आयर्न डोमवाले पक्के हिशेबी आहेत. येणारं रॉकेट कुठे पडणार, याचं गणित रडार आधी मांडतं. वस्तीवर पडणार असेल तरच खर्च करायचा. मोकळ्या रानात पडणार असेल तर जाऊ द्यायचं. 2011पासून असं चाललंय. मी हे मोठ्या उत्साहाने घरी सांगितलं. बायको म्हणाली, "भाजी आणलीत का?" रॉकेट कुठे पडणार याचं गणित तिने आधीच मांडलेलं होतं.

मास्तरांचा मात्र हुकमाचा पत्ता वेगळाच: एक दशांश. शाळेत ज्यांना 0.1 ही संख्या निरुपद्रवी वाटली त्यांची ते अजून शिकवणी घेतात. दशमानात एक तृतीयांश जसा संपत नाही, तसा संगणकाच्या द्विमानात एक दशांश संपत नाही. कुठेतरी तोडावा लागतो. 1991च्या आखाती युद्धात अमेरिकेच्या पेट्रियट या क्षेपणास्त्रविरोधी यंत्रणेचं घड्याळ सेकंदाचे दशांश मोजायचं आणि दर वेळी शेपटाचा इवलासा तुकडा सांडायचं. सौदीतल्या धहरानला यंत्र सलग शंभर तास चालू राहिलं आणि चूक सेकंदाच्या तिसऱ्या हिश्शावर गेली. तेवढ्यात इराकचं स्कड क्षेपणास्त्र अर्ध्या किलोमीटरहून जास्त पुढे सरकतं. रडार भलत्याच जागी शोधत राहिलं. 25 फेब्रुवारीला स्कड बराकीवर पडलं, 28 अमेरिकी सैनिक गेले. दुरुस्त केलेला प्रोग्रॅम तिथे पोचला दुसऱ्या दिवशी. त्याआधी सूचना तेवढी गेली होती, की यंत्र फार वेळ सलग चालवू नका. फार म्हणजे किती, हे लिहायचं राहिलं होतं.

हे मास्तर सांगतात तेव्हा टेबलावर चमचाही वाजत नाही. मग रशिया हळूच म्हणतात, "अमेरिकन माल." आणि पुन्हा सुरू.

त्याच फेब्रुवारीत राष्ट्राध्यक्ष थोरल्या बुशसाहेबांनी पेट्रियटच्या कारखान्यात जाऊन 42 पैकी 41 स्कड अडवल्याचं सांगितलं होतं. टाळ्या पडल्या. पुढे एमआयटीच्या थिओडोर पोस्टोल यांनी चित्रफिती तपासून शंका काढल्या, आणि प्रकरण काँग्रेससमोर गेलं. (अमेरिकेच्या. रशियांनी हे दोनदा विचारून घेतलं.) तिथे लष्कराकडून खुलासा आला, की 'अडवलं' म्हणजे पाडलंच असं नव्हे, आपलं आणि त्यांचं क्षेपणास्त्र आकाशात एकमेकांच्या वाटेत आलं. कर्नलांनी इतका सुंदर शेरा उभ्या नोकरीत पाहिला नव्हता. त्यांनी तो पेपराच्या कडेला लिहून घेतला.

गेल्या गुरुवारी रशियांनी सोक्षमोक्ष लावायचं ठरवलं. टेबलावर बहुस्तरीय संरक्षण मांडलं. किटली म्हणजे रडार. चार क्रीमरोल शेजारी शेजारी म्हणजे एस-400ची गाडी. तिच्यावर नळकांडी चारच असतात, त्यामुळे मास्तरांनाही नाक मुरडता येईना. त्याच्या आत तीन पार्ले-जी म्हणजे आपलं 'आकाश' क्षेपणास्त्र. "ह्याचा लाँचर आपल्या दिघीत आखलाय," कर्नल म्हणाले, आणि पुण्याचं नाव निघाल्यावर मिनिटभर एकमत झालं. सगळ्यात आत दोन काड्या म्हणजे एल-70. आणि मधोमध एक खारी. दिल्ली.

"आता आणा बघू कुठून काय आणताय ते," रशिया हात झटकत म्हणाले.

कावळा शेजारच्या रिक्षाच्या टपावरून आला. टेबलाच्या पातळीवरून, किटलीच्या आडून. मास्तरांनी गुंडाळलेला पेपर फिरवला, किटली कलंडली, आकाश चहात विरघळलं, आणि दिल्ली समोरच्या गुलमोहरावर गेली.

"गोलाई," मास्तर म्हणाले.

"गोलाई कसली? तुमचा पेपर रडारला लागला!"

"पेपर आणि कावळा," कर्नल थंडपणे म्हणाले, "हवेत एकमेकांच्या वाटेत आले होते. मी पाहिलंय. नोंद 'अडवला' अशीच करावी लागेल."

रशिया गुलमोहराकडे बघत राहिले. वर खारीचा चुरा सांडत होता. मग त्यांनी एक क्रीमरोल उचलला, कोरडी बाजू बघून चावला आणि म्हणाले, "तशी ती दिल्ली नव्हतीच. ते मोकळं रान होतं."

पोऱ्या फडकं घेऊन आला. "काका, खारी धरून आठ जिन्नस झाले ना?"

"खारी आम्ही खाल्लेली नाही," कर्नल म्हणाले. "ती कशी पास करू?"