तक्तेवाले सर

जिल्हा परिषदेच्या शाळांमध्ये ‘तंत्रस्नेही शिक्षक’ नावाची जी जमात आहे, तिच्यात पोटजाती बऱ्याच. कुणी व्हिडिओ बनवतो, कुणी ऑनलाइन चाचण्या काढतो, कुणी नुसताच व्हॉट्सअ‍ॅप गटाचा ॲडमिन असतो. सगळ्यांत दुर्मिळ पोटजात तक्तेवाल्यांची. आमच्या केंद्रात असा एक नमुना आहे. या सरांना जगात दोनच गोष्टी दिसतात, ओळी आणि रकाने. लग्नाच्या पंगतीत ताटाच्या डाव्या बाजूला भाजी वाढणाऱ्या पोराचा हात धरून त्यांनी “बाळ, डेटा चुकीच्या रकान्यात पडतोय” असं सांगितलेलं मी ऐकलं आहे. पोरगं घाबरून मठ्ठ्याकडे पळालं.

कमरेला मोबाइलचं पाकीट, खिशाला चार रंगांची स्केचपेनं आणि मोटारसायकलच्या हँडलला पुठ्ठ्यांची पिशवी, असा हा गृहस्थ. पाठीवरच्या लॅपटॉपच्या बॅगेत लॅपटॉप नसतो, डबा असतो. शाळेत संगणक आहे, त्यावर झालरीचा अभ्राही आहे. फक्त वीज नाही, कारण बिल थकलेलं. दुसरा कुणी अशा वेळी अर्ज लिहून स्वस्थ बसला असता. सर म्हणाले, “डेटाबेसला वीज लागतच नाही. शिस्त लागते.” आणि चौथीच्या वर्गात त्यांनी प्राण्यांचा डेटाबेस काढला.

कार्डं जुन्या लग्नपत्रिकांची, मागच्या कोऱ्या बाजूवर लिहिलेली. त्यामुळे हत्ती उलटा केला की ‘आमच्या मामाच्या लग्नाला यायचं हं!’ असं आमंत्रण मिळे. प्रत्येक कार्डावर तेच रकाने आणि त्याच क्रमाने : नाव, पाय, अंगावर काय, अंडी की पिल्लं, खातो काय, राहतो कुठे. एक कार्ड म्हणजे एक नोंद, सगळी कार्डं मिळून एक तक्ता. इथवर सगळं सुरळीत होतं.

पहिली ठेच गोगलगायीला लागली. पायांच्या रकान्यात एका मुलीने लिहिलं, ‘पोटात’.

“या रकान्यात फक्त आकडा चालतो,” सर म्हणाले.

“पण सर, तिचे पाय पोटातच असतात. आजी म्हणते.”

आजीचं प्राणिशास्त्र पक्कं होतं. गोगलगाय पोटाखालच्या एकाच स्नायूमय पायावर सरकते. तेव्हा तडजोड होऊन ‘१’ लिहिलं गेलं. मग शेकरू आलं. राज्यप्राणी असला तरी तो भीमाशंकरसारख्या रानात राहणारा, गावात कुणी पाहिलेला नाही. वजनाचा रकाना वाढवला तेव्हा एकाने शेकरूपुढे शून्य घातलं. सरांनी खडू खाली ठेवला. शून्य म्हणजे मोजलं आणि काही निघालं नाही. रिकामं म्हणजे अजून मोजलंच नाही. सापाचे पाय शून्य, शेकरूचं वजन रिकामं. हा फरक त्यांनी अख्खा तास समजावला. तो तास फुकट गेला असं मला वाटत नाही. ज्या कचेऱ्यांत ‘माहिती उपलब्ध नाही’ ऐवजी बिनदिक्कत शून्य भरून अहवाल वर पाठवले जातात, तिथल्या लोकांना खरं तर या वर्गात बसवायला हवं.

पुढे कार्डं गळ्यात अडकवून पटांगणावर खेळ. सर ओरडत, “चार पाय *आणि* अंडी घालणारे, उभे राहा!” पाल, सरडा, कासव, बेडूक उभे. “चार पाय *किंवा* अंडी घालणारे!” की जवळजवळ सगळं रान उभं राही. खाली बसून राहत वटवाघूळ, देवमासा आणि घोणस.

“घोणस, ऊठ. साप अंडी घालतात.”

घोणस बसूनच म्हणाली, “घोणस पिल्लं देते सर. आमच्या उसात बघितलीत.”

सरांनी तिथल्या तिथे मोबाइलवर शोधलं. घोणस खरोखरच पिल्लं देते. एवढ्यावरून सर आठवडाभर खुशीत होते. देवमाशाला ‘मासा’ लिहिणाऱ्या मुलालाही त्यांनी रागावलं नाही. लिनिअसनेसुद्धा देवमाशाला आधी माशांत टाकलं होतं आणि १७५८च्या आवृत्तीत सस्तनांत आणलं, हे त्यांनी त्याला अशा सुरात सांगितलं, जणू लिनिअस त्यांचाच एक माजी विद्यार्थी.

एकदा “ज्याच्या नावात वाघ आहे तो उभा राहा” असा शोध टाकला. पट्टेरी वाघ उभा राहिला. वाघ्या कुत्रा उभा राहिला. वटवाघूळ उभं राहिलं. शेवटी गळ्यात कार्ड नसलेला, पाणी पिऊन परत येणारा एक वाघमारेही उभा राहिला. त्याला बसवू नका, म्हणाले सर. यंत्रही असंच करतं, त्याला अक्षरं कळतात, वाघ कळत नाही.

या सगळ्यामागे त्यांचं दैवत म्हणजे एडगर कॉड. आय.बी.एम.मधल्या या गणितज्ञाने १९७० साली माहिती साध्या तक्त्यांत कशी मांडावी हे सांगणारा निबंध लिहिला. केंद्रसंमेलनात चहाच्या वेळी सर ‘कॉडसाहेब’ म्हणतात आणि नवे शिक्षक हा कोणी निवृत्त गटशिक्षणाधिकारी असावा असं समजून माना डोलावतात.

कॉडसाहेबांचा खरा प्रताप गावाला कळला तो गृहपाठामुळे. घरच्या जनावरांची कार्डं करायची होती. गावात सर्जा पाच निघाले, कपिला तर दारोदार. नावावरून जनावर ओळखता येईना. मग हुकमी ओळख कोणती? एक मुलगी म्हणाली, कानातला पिवळा बिल्ला. त्यावर बारा अंकी नंबर असतो आणि तो दुसऱ्या कुठल्याच जनावराला नसतो. “प्रायमरी की!” सर इतक्या मोठ्यांदा ओरडले की शेजारच्या वर्गातून मुख्याध्यापिका बाई काठी घेऊन आल्या.

दुसऱ्या दिवशी एकच नंबर दोन कार्डांवर आला. दोन्ही कार्डं सख्ख्या चुलतभावांची. यांच्या वडिलांच्या वाटण्या झालेल्या, अंगणात भिंत उठलेली, राहिली होती ती एक म्हैस. सरांना हे ठाऊक नव्हतं. त्यांनी फळ्यावर लिहिलं : ‘एका नंबराला एकच नोंद. चुकीचे कार्ड रद्द होईल.’ निरोप घरी पोचला. मधल्या सुट्टीत खिचडी वाढायच्या आत दोन्ही बाप शाळेच्या फाटकात हजर.

“अहो सर, यासाठी नेमलंय का तुम्हाला?” बाईंनी कपाळाला हात लावला.

सर मात्र उजळले होते. त्यांनी दोन्ही बापांना बाकावर बसवलं, म्हशीचं एकच कार्ड भिंतीला टाचलं, मालकांची दोन कार्डं वेगळ्या भिंतीला लावली आणि मधे दोन चिठ्ठ्या टांगून सुतळ्या बांधल्या. प्रत्येक चिठ्ठीवर फक्त म्हशीचा नंबर आणि एका मालकाचं नाव. म्हशीचा तक्ता वेगळा, मालकांचा वेगळा, नातं तिसऱ्या तक्त्यात. मालक दोन झाले म्हणून म्हैस दोनदा लिहायची नाही. विद्यापीठात हे शिकायला मुलं फी भरतात.

थोरला बराच वेळ सुतळीकडे बघत राहिला. “बरोबर आहे तुमचं. पण मग दूध कुणाचं?”

“तो रकाना आपल्याकडे नाही,” सर म्हणाले.

बाप भांडतच घरी गेले. पुढे म्हैस व्यायली. रेडकाच्या कानात अजून बिल्ला नाही, म्हणून तूर्त ते कुणाचंच नाही, असं दोन्ही चुलतभावांनी एकमताने ठरवून त्याचं कार्ड कोरं ठेवलं आहे.