आज वार कोणता?

आमच्या सोसायटीच्या फाटकाशी भाजीची गाडी लावणाऱ्या पोराला मीटरकाका रोज सकाळी विचारतात, "आज वार कोणता?"

"मंगळवार, काका."

"भेंडी आजची?"

"आत्ताच उतरवली."

"वार कोणता?"

"मंगळवारच की!"

मग काका भेंडी घेतात. दोन्हीकडच्या मंगळवारांमुळे मधली भेंडी ताजी कशी ठरते, हे मला पहिली दोन वर्षं कळलं नव्हतं. आताही कळलंय असं नाही. पण ही रीत आली कुठून, ते ठाऊक आहे.

काका भोसरीच्या एका कारखान्यात ३४ वर्षं इलेक्ट्रिकल मेंटेनन्सला होते. अंगावर भाजल्याची एकही खूण नाही. कोणी नवा भाडेकरू आला की ज्योतिष्यापुढे धरावेत तसे दोन्ही तळहात पुढे करून ते हे दाखवतात. याचं श्रेय एकाच सवयीला. तार मेली आहे का ते बघण्याआधी मीटर जिवंत आहे का ते बघायचं. पिना आधी चालू सॉकेटात घालायच्या. २३०च्या आसपास आकडा आला की मग ज्या तारेला हात घालायचा तिच्यावर. तिथे शून्य आलं की लगेच हुरळायचं नाही, परत पहिल्या सॉकेटात. कारण तारेत वीज नसली तरी शून्य येतं आणि मीटरची वायर आतून तुटली असली तरी शून्यच येतं.

"आणि मेलेला मीटर तसं सांगत नाही रे," काका म्हणतात. "अगदी गरीब चेहऱ्यानं शून्य दाखवतो."

निवृत्तीनंतर तारा कमी झाल्या आणि माणसं वाढली, तेव्हा सवय माणसांवर आली. पुतणीला बघायला आलेल्या मुलाला त्यांनी वडिलांचं नाव दोनदा विचारलं, मधे पगार. वडील शेजारीच बसले होते. रक्तदाब तपासायला गेले तर डॉक्टरांना म्हणाले, आधी तुमचा मोजा. डॉक्टरांनी मोजला. जास्त निघाला, आणि त्या दिवशी पथ्य दोघांना मिळालं.

मोजताना काकांचा डावा हात खिशात असतो. दोन हात दोन तारांना लागले तर करंट छातीतून जातो. एकच हात कामात असला तर निदान तो रस्ता तरी बंद. उजव्या हाताची बोटं पिनेच्या कठड्यामागे, पुढे सरकवायची नाहीत. हे इतकं अंगवळणी पडलंय की लग्नाच्या पंगतीतही डावा हात खिशात आणि चमचा टोकापासून चार बोटं लांब धरलेला. काकू पायजम्याचा डावा खिसा वर्षातून दोनदा नव्याने शिवतात.

मीटर दोन आहेत. एक वापरातला, त्यावर 'कॅट थ्री, ६०० व्होल्ट' असं छापलेलं. हे मांजर नव्हे, कॅटेगरी. भिंतीतल्या सॉकेटाला लावायच्या यंत्रांना कॅट टू चालतं, घरातल्या मुख्य बोर्डाला थ्री लागतं, आणि खांबावरून घरात येणाऱ्या वायरीला फोर. जितकं खांबाच्या जवळ जावं तितका अचानक येणारा झटका दांडगा आणि शॉर्ट झाला तर स्फोट मोठा. काका थ्रीच्या पुढे पाऊल टाकत नाहीत. "तिथून पुढे महावितरणचं राज्य."

दुसरा पिवळा, स्वस्तातला, अर्धा काळवंडलेला. तो हॉलमध्ये आजोबांच्या तसबिरीशेजारी टांगलाय. हा भाच्याचा. भाचा इंजिनिअर. मोटरसायकलच्या दिव्याला किती करंट लागतो ते त्याने दुपारी मोजलं, लाल वायर दहा अँपिअरच्या भोकात घालून. संध्याकाळी चकती व्होल्टवर फिरवली, पण वायर होती तिथेच ठेवली, आणि पिना घातल्या भिंतीच्या सॉकेटात. करंट मोजायचा तर तो आतून विनातक्रार जाऊ द्यावा लागतो, म्हणून त्या भोकात वायर असली की चकती कुठेही असो, मीटर हा नुसता तारेचा तुकडा. त्या भोकाला फ्यूज नाही असं शेजारीच छापलं होतं, मुंगीच्या पावलाएवढ्या अक्षरात. एमसीबी पडला म्हणून भाचा राहिला. भुवया पुढच्या महिन्यात आल्या. खंडेनवमीला काका दोन्ही मीटरना झेंडूचं फूल वाहतात. कुंकू मात्र पिवळ्यालाच. चालत्या मीटरच्या भोकात कण नको.

आमच्या घरी एकदा पंखा बदलायचा होता. बटण बंद, तरी माझ्या मीटरवर ६८ व्होल्ट. मी स्टुलावरून खाली आलो तो थेट काकांच्या दारात. काकांचा चेहरा नातू झाल्यासारखा उजळला.

"भुताचे व्होल्ट!"

दोन तारा एकाच पाइपातून शेजारी-शेजारी धावतात. एक चालू असली की बंद असलेलीवरही तिची सावली पडते. डिजिटल मीटर इतका नाजूक की जवळजवळ काहीच करंट न ओढता ती सावलीही मोजतो. काकांनी होल्डरमधला जुना साठचा बल्ब त्या तारांना लावला. ६८ चे शून्य झाले. भुताला ओझं पेलवत नाही.

"म्हणजे घाबरायचं कारण नव्हतं?" मी विचारलं.

"होतं की! भूत आहे हे ठरेपर्यंत त्याला जिवंत माणूसच समजायचं."

जाताना त्यांनी मला वार विचारला.

गेल्या हिवाळ्यात त्यांचाच गिझर बिघडला. काकांनी एमसीबी पाडला, वायरी सोडवल्या, कॉइल मोजली. २००० वॅटच्या कॉइलला साधारण २६ ओहम यायला हवेत, तेवढेच आले. त्यांनी कॅलेंडरवर '२६, ठीक' असं लिहिलं आणि गिझर ठणठणीत असल्याचं जाहीर केलं. पाणी काही तापेना. थर्मोस्टॅट बघायचा राहिला होता, पण कॅलेंडरवर लिहिलेलं खोडायचं म्हणजे काकांच्या जिवावर आलं होतं. तीन आठवडे रोज सकाळी ते २६ चा दाखला देत होते.

परवा मी चहाला गेलो होतो. काकूंनी कपबशी ठेवली आणि सहज विचारलं, "अहो, आपल्या लग्नाची तारीख काय?"

"बावीस मे."

"गिझर झाला?"

"झाला."

"लग्नाची तारीख?"

काकांचा डावा हात खिशात गेला. "चोवीस... नाही, थांब..."

काकू काही बोलल्या नाहीत. उठल्या आणि आंघोळीच्या पाण्याचं पातेलं गॅसवर ठेवलं.