सगळ्यांना ठाऊक असलेलं गुपित

कॉलीन मॅकलो यांची १९७७ ची ‘द थॉर्न बर्ड्‌स’ ही कादंबरी म्हणजे पिढीजात गुपितांची घाऊक वखारच. ऑस्ट्रेलियातलं ड्रॉइडा नावाचं मेंढरांचं अवाढव्य कुरण, तीन पिढ्या, एक देखणा पाद्री आणि त्याच्यापासून नायिका मेगीला झालेला मुलगा. पण हे गुपित नेमकं कुणापासून? मेगीच्या आईला नातवाच्या तोंडवळ्यावरूनच उमगतं. आणि का उमगू नये, तिचा स्वतःचा थोरलाही लग्नाआधीचा, दुसऱ्याचा! अडाणी उरतो तो खुद्द बाप. पोरगा पाद्री व्हायला रोमला त्याच्याच छायेत येतो, आपलाच चेहरा रोज समोर वावरतो, तरी याची ट्यूब पेटत नाही. पोरगा ग्रीसच्या समुद्रात बुडाल्यावर मेगीला ते सांगावं लागतं, आणि तोवर हा गृहस्थ कार्डिनल झालेला असतो.

कुणी म्हणेल, ब्रह्मचर्याचं व्रत घेतलेल्या माणसाला अशी शंका शिवेलच कशी? अहो, मेगीबरोबर बेटावर राहिला तेव्हा व्रत काय रजेवर होतं? शिवाय त्याची नजर अधू नव्हे. कुरणाच्या म्हाताऱ्या मालकिणीने, मेरी कार्सनने, एक कोटी तीस लाख पौंड चर्चच्या नावे आणि कारभार त्याच्या हाती दिला, तेव्हा त्या मृत्युपत्राचा अर्थ त्याला पहिल्याच वाचनात लागला होता. रोमच्या पायऱ्या त्याच पैशाने चढता आल्या. पोराचा चेहरा वाचून मात्र एकही पायरी वर जाता येणार नव्हतं.