नावं ठेवणारे

नावं ठेवणं हा आमच्या घराण्याचा पिढीजात धंदा. भिकार, सुमार, तकलादू, हिणकस, दीडदमडीचा. माल पुढे यायच्या आधी विशेषण तयार. बंगळूरला आल्यावर हा खजिना कुजू नये म्हणून मी त्याला इंग्रजीची जोड दिली आणि शिवाजीनगरात, रसेल मार्केटच्या आसपास, घासाघीस करताना चीप, इन्फिरियर, सबस्टँडर्ड असे चढत्या भाजणीनं फेकू लागलो. दुकानदार ढिम्म. 'चायना' म्हटलं की मात्र दुखावतात.

माझा ठेवणीतला शब्द म्हणजे 'शॉडी'. परवा फुटपाथवरच्या एका ब्लँकेटवर तो वापरला. राखाडी, खरखरीत, निरखून पाहिलं तर आत लाल, हिरवे, जांभळे तंतू. विक्रेता उलट खूश. "हौ साब, असली शॉडीच है. पानीपत का!"

खरंच होतं त्याचं. यॉर्कशरमधल्या बॅटली गावात 1813 साली बेंजामिन लॉ यानं लोकरीच्या चिंध्या पिंजून पुन्हा कापड विणलं. शॉडी हे त्या मालाचंच नाव. पुढे अमेरिकेच्या यादवी युद्धात कंत्राटदारांनी सैनिकांना असल्या कापडाचे गणवेश चिकटवले, ते अंगावरच फाटायला लागले आणि मालाच्या नावाची शिवी झाली. आता हा धंदा पानिपतात नांदतो. परदेशातले टाकलेले स्वेटर तिथे येतात, फाडले जातात, पिंजले जातात आणि ब्लँकेट होऊन बाहेर पडतात. मराठी माणसानं पानिपताच्या वाटेला ऐटीत जाऊ नये, हे 1761 पासून ठाऊक असूनही मी गेलो.

हीच ब्लँकेटं आपत्तीच्या वेळी ट्रक भरभरून वाटली जातात. 1993 च्या किल्लारी भूकंपानंतर औसा तालुक्यातल्या माझ्या मावशीला असंच एक मिळालं होतं. घर पडलेलं, झोपणं उघड्यावर. पुढे पक्कं घर झालं, चांगल्या रजया आल्या, तरी तिनं ते टाकलं नाही आणि त्याला कधी नावही ठेवलं नाही. ठेवलं असतं तर माझ्यापेक्षा झणझणीत ठेवलं असतं; ही जीभ मला तिच्याकडूनच आली आहे.

घासाघीस तिथेच संपली. मुकाट्यानं दोन ब्लँकेटं घेतली. घरी बायकोनं एकावरून हात फिरवला आणि म्हणाली, "ई!"

एका अक्षरात. मी इतकी वर्षं शब्दकोश चाळतोय.