वांगं फिराव ना भो!

2025 साली चंपाषष्ठी आली बुधवारी, 26 नोव्हेंबरला. दुसऱ्याच दिवशी, महिन्यातला चौथा गुरुवार म्हणून, अमेरिकेत थँक्सगिव्हिंग. म्हणजे चातुर्मासभर वांग्याकडे बघायचंही नाही असं ठरवून बसलेली पाचोऱ्याची मंडळी खंडोबाला भरीत-रोडग्याचा नैवेद्य दाखवून मोकळी होत होती, त्याच सुमारास न्यू जर्सीतल्या एखाद्या खान्देशी सुनेच्या फ्रिजात सात किलोंची टर्की आतून अजून दगड असणार.

टर्कीचं पहिलं दुखणं हेच. गोठवलेला पक्षी फ्रिजात ठेवून मऊ करायचा तर दर दोन-सव्वादोन किलोंना एक दिवस लागतो. सात किलोंच्या टर्कीची आठवण रविवारीच व्हायला हवी, आणि बहुतेकांना ती बुधवारी रात्री होते. दुसरं दुखणं शरीररचनेचं. मांडीच्या आत 74 अंश सेल्सिअस तापमान पोचेपर्यंत पक्षी शिजला असं मानायचं नाही, आणि मांडी तिथवर जाईतो छातीचं मांस कोरडंठाक पडतं. एकाच पक्ष्याचे दोन भाग दोन वेळापत्रकांवर चालतात. सबंध टर्की भाजणं ही म्हणूनच एकट्या माणसाची परीक्षा असते आणि पाहुणे बाहेरच्या खोलीत निकालाची वाट बघत बसतात.

अमेरिकन माणसानं यावर अमेरिकन तोडगा काढला. 1981 साली बटरबॉल या टर्की विकणाऱ्या कंपनीनं फोनवर सल्ला देणारी सेवा सुरू केली. टर्की कच्ची राहिली, जळली, पोटातली पिशवी काढायची राहून गेली, काहीही असो, फोन फिरवा. योगायोग असा की त्याच 1981 साली शिकागोत बृहन्महाराष्ट्र मंडळही स्थापन झालं. म्हणजे अमेरिकेतल्या मराठी माणसाला आपली संघटना आणि टर्कीचा सल्ला या दोन्ही सोयी एकदमच झाल्या. दोहोंपैकी फोन लगेच कोण उचलतं, हा वादाचा विषय आहे.

पाचोऱ्यात मात्र अशी सेवा एक दिवस चालायची नाही. इथे सल्ला मागणारा सापडत नाही, सगळे देणारेच.

मुंबई-भुसावळ लोहमार्गावर चाळीसगाव सोडलं की जळगावच्या अलीकडे पाचोरा लागतं. काळी जमीन, कापूस, जिनिंग-प्रेसिंग. एके काळी इथूनच जामनेरची छोटी गाडी, सगळ्यांची लाडकी पीजे, सुटायची. दिवाळी सरली, थंडी पडली आणि कापसाच्या वेचण्या उरकत आल्या की तालुक्यात जो मोसम सुरू होतो त्याला पंचांगात नाव नाही. लोक त्याला भरीत पार्टी म्हणतात. पुण्याहून जावई येतो, नाशकाहून मेव्हणा येतो, आणि रविवारी सकाळी सगळं लटांबर मळ्यात.

हे भरताचं वांगं म्हणजे शहरात मिळणारं काळंजांभळं फुगीर प्रकरण नव्हे. फिकट हिरवं, अंगावर पांढरट रेघा, लांबोडकं, हातात घेतलं की अर्धा किलो भरेल असं. बी कमी, साल पातळ, गर लोण्यासारखा. जळगावच्या भरीत वांग्याला 2016 साली भौगोलिक मानांकन मिळालं, त्याच वर्षी केळीलाही मिळालं. केळीवरून कुणी भांडत नाही. वांग्यावरून मात्र बामणोदचं खरं की आसोद्याचं, यावर पाटावर बसलेली दोन सख्खी भावंडं एकमेकांकडे पाठ करतात. आसोदा हे बहिणाबाई चौधरींचं माहेर. तेव्हा आसोद्याच्या बाजूनं बोलणारा शेवटी कविता मध्ये आणतोच आणि बामणोदवाल्याला गप्प बसावं लागतं.

जाळ कशाचा? कापसाच्या काड्यांचा. गॅसवर भाजलेल्या वांग्याला पाचोऱ्यात कुणी वाईट म्हणत नाही, फक्त दुसऱ्यांदा वाढून घेत नाहीत. वाळलेली पऱ्हाटी भर्रकन पेटते, उंच ज्वाळा देते आणि फार धूर न करता खाली बसते. सालीला चटका बसतो, गर वाफेवर शिजतो आणि धुराचा वास लागतो तो बेताचा. लाकडाचा मंद विस्तव घेतला तर वांगं शिजतं, भाजत नाही. हा फरक खान्देशातलं शेंबडं पोरही सांगू शकतं, आणि सांगतंच.

आणि इथे विज्ञानाची एक गंमत आहे. या काड्या बीटी कपाशीच्या. बीटी कापसाला देशात 2002 साली परवानगी मिळाली आणि बघता बघता खान्देशातलं जवळजवळ सगळं शिवार बीटीचं झालं. बीटी वांगंही तयार होतं, आपल्या जालन्याच्या महिकोनं ते आणलं होतं. पण 9 फेब्रुवारी 2010 रोजी तेव्हाचे पर्यावरण मंत्री जयराम रमेश यांनी त्याला स्थगिती दिली. त्यामुळे पाचोऱ्याच्या मळ्यात जळण एकविसाव्या शतकातलं आणि वर भाजलं जातं ते पूर्वापार चालत आलेलं वांगं, अळीसकट. ही फळ पोखरणारी अळी बाहेरून कळत नाही. म्हणून सोलताना प्रत्येक वांगं उजेडात धरून उघडावं लागतं. ‘आमच्याकडे मांसाहार चालत नाही,’ असं पंगतीला निक्षून सांगणारे काका या कामाला मुद्दाम बसवतात. त्यांची नजर तिखट असते.

कृषी खातं दरवर्षी कानीकपाळी ओरडतं की डिसेंबरअखेर कपाशी उपटा, फरदड घेऊ नका, पऱ्हाटीच्या गंजी बांधावर रचू नका, गुलाबी बोंडअळी त्यातच मुक्काम करते. शेतकरी ऐकत नाही अशी तक्रार असते. वास्तविक हिवाळ्यातल्या प्रत्येक रविवारी खान्देशात कितीतरी मळ्यांत ही गंज थोडी थोडी कमी होत असते. या कार्यक्रमाला अनुदान कसं नाही, याचंच नवल वाटतं.

आता जाळापाशी या. वांग्याला सुरीनं दोन-चार ठिकाणी टोचलेलं, नाहीतर ते फटाक्यासारखं फुटतं. तेलाचा हात फिरवलेला. डेख शाबूत, धरायला तेच कामी येतं. काड्यांचा भारा पेटला की वांगी ओळीनं आत सरकतात, आणि भोवती उभा असतो घरातला समस्त पुरुषवर्ग. यांतले निम्मे जण घरी चहाचं पातेलं कुठल्या कप्प्यात असतं ते विचारून घेतात. पण उघड्यावर आग दिसली की पुरुषाला स्वयंपाक येतो, हा निसर्गनियम पाचोरा आणि टेक्सास इथे सारखाच लागू आहे. तिकडचे बाप्ये अंगणात तेलाची भली मोठी पिंपं तापवून त्यात अर्धवट गोठलेली टर्की सोडतात आणि अग्निशमन दलाला जेवायला बोलावल्यासारखं बोलावतात. घरातल्या स्वयंपाकामुळे लागणाऱ्या आगींचा अमेरिकेतला वर्षातला सर्वांत वाईट दिवस थँक्सगिव्हिंगच असतो.

इथे आगीपेक्षा आवाज मोठा. ‘वांगं फिराव ना भो!’ ‘राहू दे, आत्ता नको.’ ‘अरे इकडनं कच्चं आहे.’ ‘काड्या टाक.’ ‘काड्या काढ.’ ज्याच्या हातात विळा आहे तो बिचारा बाहुलीसारखा वळत राहतो. वांग्याला यातलं काही ऐकू येत नाही, म्हणूनच ते नीट भाजतं. साल कोळशासारखी काळी झाली, डेखापाशी दाबल्यावर बोट आत गेलं आणि कडेनं पाण्याचे थेंब फसफसत बाहेर आले की झालं. थर्मामीटर म्हणजे आजीचा अंगठा. तो मात्र शेवटी हाक मारूनच आणावा लागतो.

कारण आजी, काकू, वहिनी तिकडे झाडाखाली खऱ्या कामाला लागलेल्या असतात. हिरव्या मिरच्या भाजून लसणाबरोबर ठेचायच्या. कांद्याच्या पातीच्या जुड्यांवर जुड्या चिरायच्या. शेंगदाणे आणि सुक्या खोबऱ्याचे काप तेलात परतायचे. कळण्याच्या भाकरी थापायच्या, आणि जावयाला भाकरी सोसत नाही म्हणून पुऱ्याही तळायच्या. सोललेली वांगी लाकडाच्या खोलगट बडगीत घालून ठेचायची. मिक्सरचं नाव काढलं तर माहेर काढलं जातं. वांगी जाळातून बाहेर आली की पुरुषांची पार्टी संपते आणि ते मोबाइलवर फोटो टाकतात. मथळा असतो, ‘आज आम्ही केलेलं भरीत’.

या भरतातली मिरची आणि शेंगदाणा दोन्ही अमेरिका खंडातून आले, पोर्तुगीजांच्या मागोमाग. टर्कीही त्याच खंडातली. 1612 साली मुकर्रब खानानं गोव्याहून काही अजब प्राणी-पक्षी जहांगीर बादशहाकडे नेले, त्यात टर्कीचा नर होता. बादशहानं त्याचं डोकं कसं रंग बदलतं याचं हौसेनं वर्णन लिहिलं आणि चित्र काढून घेतलं. दरबारी चित्रकार मन्सूरच्या हातचं ते टर्कीचं चित्र आजही लंडनच्या संग्रहालयात आहे. खान्देश तेव्हा मुघलांच्या ताब्यात येऊन दशक उलटलं होतं. पण मिरची इथे घराघरांत शिरली, शेंगदाणा शिवारात शिरला, आणि टर्की चित्रातच राहिली. पाचोऱ्याच्या माणसाला विचाराल तर तो म्हणेल, बरं झालं, भाकरीबरोबर कुस्करली नसती.

परदेशातल्या खान्देशींची पंचाईत उलटी आहे. तिथे टर्कीची सोय चोख, वांग्याचीच नाही. इटालियन वांगं जाड सालीचं, चिनी वांगं काडीसारखं. विजेच्या शेगडीवर जाळ नाही, आणि ओव्हनच्या वरच्या आचेवर भाजायला घेतलं तर साल जरा करपताच छतावरचं धुराचं यंत्र कोकलायला लागतं. मग एकानं पुसणं हलवत यंत्राखाली उभं राहायचं, दुसऱ्यानं खिडक्या उघडायच्या, बाहेर शून्याखाली दहा. टर्कीच्या ओव्हनमध्येच शेजारी वांगी ठेवून दोन्ही सण एका आचेवर उरकणारेही आहेत. टर्कीला ठेचा चोळला की तीसुद्धा बरी लागते म्हणतात, निदान मांडी.

पाचोऱ्यात दुपारी तीनला दुसरी पंगत उठते. तोवर घमेल्यात उरलेलं भरीत डब्यांत भरलं जातं आणि रात्रीच्या ट्रॅव्हल्सनं पुण्याला रवाना होतं. ज्यांना सुट्टी मिळाली नाही त्यांच्यासाठी. सकाळी आठला फोन येतो. डबा पोचला, झाकणातून तेल थोडं सांडलं, चव छान आहे, पण पात जरा कमी पडली, आणि वांगी या खेपेला कोण फिरवत होतं?